पेंढ्यावरून गेलेली गाडी

कशेळे,
८ फेब्रुवारी १९७६

चि. चंदर यास आक्काचा सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सर्व इकडे बरे आहोत, असं लिहायची रीत म्हणून लिहिलं. बरं कुणीच नाही. तुझ्या दाजींची टॅक्सी आजारी पडली आहे. तेलाचा तो लाल दिवा आहे ना, तो गाडी पळायला लागली की पेटतो. हे म्हणाले, दिवाच खोटा. तेल मोजायची पट्टी ओढून बघितली तर तेल भरपूर, उलट खुणेच्या थोडं वरच. मग काय केलं असेल? माझी टिकली घेऊन दिव्यावर चिकटवली! दिसलं नाही की दुखणं गेलं, असा यांचा कारभार.

पण कर्जतच्या मेस्तरीने गाडी बघून सांगितलं की इंजिन आतून झिजलं, सगळं खोलावं लागेल. तेवढी ऐपत आमची नाही. मामंजी म्हणतात, नाय जमत तर इकून टाक, जिवाला घोर नको. येत्या रविवारी दुपारी भंगारवाला गाडी बघायला येतो आहे. यांच्या चुलतभावाने कुर्ल्याला कुणा साहेबाची गाडी चालवायची नोकरीही बघून ठेवली. गाडी गेली की हे सोमवारी निघणार.

चंदर, लग्नानंतरची सगळी वर्षं हे मुंबईलाच होते. सणावारी दिसणारा नवरा मी पुष्कळ भोगला. टॅक्सी घेतली तेव्हा कुठे माणूस रोज घरात जेवायला लागला. मला पुन्हा तसं राहायचं नाही, स्पष्ट लिहिते. तू कुंभिवलीच्या गॅरेजात दिवसभर इंजिनात डोकं घालून असतोस, तर काहीतरी सुचव.

तुझी,
जयाआक्का


कुंभिवली,
१० फेब्रुवारी १९७६

ती. आक्कास चंदरचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला घास ताटात ठेवला. आधी एक कर, गाडी सुरू करू देऊ नकोस. तेलाचा दाब नसला की आतलं लोखंड कोरडं घासतं आणि मग खरोखरच भंगार होतं. दाजींना माझा जय भीम सांग आणि टिकली काढायला लाव. गाडीचं काय लग्न आहे का?

आता ऐक, मी इकडे आनंदाने नाचायचाच बाकी आहे! झिजलेल्या इंजिनाचा दिवा बहुतेक गाडी तापून उभी असताना लागतो आणि पळवली की विझतो. तुमचं नेमकं उलटं आहे. आणखी एक. तेल खुणेच्या वर कसं? कुणी ओतलं का? ओतलं नसेल तर तेल आपोआप वाढत नाही, आक्का. गाडीच्या पोटाला कुठे काही लागलं का ते दाजींना आठवायला लाव. उत्तर टपालात टाकू नकोस, दुधाच्या टेंपोवाल्याकडे दे. मला आज झोप लागायची नाही.

तुझा,
चंदर


कशेळे,
११ फेब्रुवारी १९७६

चि. चंदर यास जय भीम व आशीर्वाद.

तेल कुणीही ओतलं नाही. गाडीला काही लागलं नाही, असं हे शपथेवर सांगतात. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच निघालं. वाडीवरच्या आबाजींच्या मुलाच्या, सोनूच्या लग्नात नवरी आणायला आपलीच गाडी होती. वाडीवर रस्ता नाही, आणि नवरीकडचे अडून बसले की नवरी मांडवाच्या दारातच उतरली पाहिजे. भातं कापलेली, शेतं मोकळी, पण मध्ये बांध. मग अख्ख्या वाडीने पेंढा आणून बांधाच्या दोन्ही अंगांना रचला आणि गाडी त्यावरून नेली. बँड जोरात वाजत होता, लोकांनी टाळ्या पिटल्या. हे अजून कौतुकाने सांगतात की गादीवरून गेल्यासारखी गेली. दिवा मात्र त्यानंतरच लागायला लागला. पेंढ्याने कधी गाडी मोडते का रे? हसू नकोस.

जयाआक्का


कुंभिवली,
१२ फेब्रुवारी १९७६

ती. आक्कास जय भीम.

सापडलं गं, सापडलं! पेंढा मऊ, पण त्याखालचा बांध मऊ नाही. वजनाने पेंढा दबला आणि बांधातला दगड गाडीच्या पोटाला लागला. बँडमध्ये ऐकू येणार कसं? इंजिनाच्या खाली तेलाचं पातेलं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. त्याला पोचा आला असणार. तळ वर उचलला गेला म्हणून तेल पट्टीवर चढलेलं दिसतं. आत तेल ओढायची जाळी असते, तिला तो तळ टेकला आहे. गाडी हळू असली की थोडं तेल पुरतं, पळाली की पुरत नाही.

इंजिन गार असताना खाली हात घालून बघा. चाकांना दगड लावा, पुढची चाकं ओंडक्यांवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी आत शिरू नका. तेल काढा, चेंबर उतरवा, आतून लाकडाने ठोकून पोचा काढा, जाळी धुवा. चेंबर परत बसवताना मध्ये घालायचं नवं पॅकिंग टेंपोवाल्याकडे देतो. मालक सुट्टी देईना, नाहीतर उडत आलो असतो.

एवढं करूनही दिवा लागलाच, तर मेस्तरी खरा आणि मी खोटा. मग मीच दाजींना विका म्हणेन. पण मला तसं वाटत नाही.

चंदर


कशेळे,
१५ फेब्रुवारी १९७६

चि. चंदर यास आक्काचे अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद!

काल यांचा जाडजूड हात आत शिरेना म्हणून मीच पदर खोचून गाडीखाली गेले. मामंजी ओरडत होते, सूनबाई काय करतेस गं, लोक काय म्हनतील! हात लावला तर खरंच पोचा, माझी अख्खी मूठ मावेल एवढा. मी आतूनच ओरडले. यांना वाटलं, मला काही लागलं.

चेंबर उतरवला तर जाळी तळाला चिकटलेली, जशी तू लिहिलीस तशी. मी मुसळाला फडकं गुंडाळून दिलं आणि यांनी ठोकलं. आज सकाळी नवं पॅकिंग लावून तेल भरलं. चावी फिरवली तसा दिवा पेटला, इंजिन चालू झालं तसा विझला. पण उभ्या गाडीत तो आधीही विझतच होता. तेव्हा कळंबच्या रस्त्याला लागलो. मी पुढे, मामंजी मागे. यांनी गाडी जशी जशी पळवली तसे माझे डोळे त्या दिव्यावर. पेटला नाही, चंदर. चढाला नाही, उताराला नाही. मामंजी मागून म्हणाले, आता हळू चालव रं, मला मरायचं नाय. आणि आम्ही तिघंही हसत सुटलो.

भंगारवाला दुपारी आला. यांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मी आत भांडी घासत होते, मुद्दाम बाहेर आले नाही. थोड्या वेळाने बघते तर यांनी कुर्ल्याला न्यायची बांधलेली वळकटी सोडली होती आणि गोधडी अंगणातल्या दोरीवर उन्हात टाकत होते. मी दुसऱ्या टोकाला जाऊन गोधडी धरली.

लोभ असावा असं लिहीत नाही, तो तुझा आहेच; आता जेवायला ये. दाजी स्वतः न्यायला येणार आहेत.

तुझी,
आक्का