पोळ्याच्या अमावास्येची मोजणी

जालना, भाद्रपद शुद्ध १२, शके १८५९

प्रिय भुजंगा,

अनेक आशीर्वाद. पार्सल पोचलं. मोजणीची वही एक, समुद्राच्या भिंतीला चिकटून वाढणाऱ्या तुझ्या त्या शिनाण्यांचे शिंपले अकरा, पैकी दोन फुटके. स्टेशनावरून आणायची हमाली दोन आणे. पुढच्या वेळी नुसती वही पाठव.

शिंपले कुठे ठेवावेत कळेना. मेलेल्या जिवाचे, म्हणून देवघरात नकोत. पण मग शंख तरी कुणाचा असतो? शेवटी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवले. शेजारच्या सगुणाबाई म्हणाल्या, "समुद्राच्या भिंतीला गोचिड्या लागल्या म्हणा की! अन् त्या मोजायला भाऊ मुंबईला ठेवला व्हय?"

तू सांगितल्याप्रमाणे बेरजा तपासल्या. भिंत तासून मोकळ्या केलेल्या खालच्या चौकोनात पौषात शून्य, चैत्रात दोनशे बारा, आषाढात एकशे चाळीस; आणि तू लिहितोस, जागा आधीपेक्षा दाट भरली. दोन दिवस डोकं चालेना. मग कपाशीची विरळणी आठवली. थोडी राहतात ती फोफावतात. बराबर ना? पण विरळणी आपण हातानं करतो. तिथं कोण उपटतं?

खरा गोंधळ पुढेच आहे. ओहोटी खोल जाते म्हणून तू दर अमावास्येला मोजतोस. पोळ्याच्या अमावास्येला तर तू इथं होतास, माझ्यासमोर बैलांची शिंगं रंगवत. तरी त्या दिवसाची मोजणी वहीत आहे: खालच्या चौकोनात एकशे एकोणतीस, वरचा कोरा. वाटलं, भाऊ खोटे आकडे मांडायला लागला. जपाला बसले तर माळ पुढे सरकेना. मग अक्षर नीट पाहिलं. तुझं नाही. शेजारी बारीक लिहिलंय, 'लाट आली, पातळ भिजले, वरचा चौकोन राहिला.' पातळ काही तू नेसत नाहीस.

आता घाईनं का लिहिते ते सांगते. दसऱ्याला अंबडचे रखमाजी त्यांच्या मुलीसाठी सुपारी फोडायला येणार आहेत. यांनी तुला न विचारता होकार दिला आणि मीही गप्प बसले. पोळ्याला तू दोनदा चुलीपाशी येऊन "अक्का, ऐक ना" म्हणालास, आणि मी पुरण लागेल म्हणून तुला बाहेर घालवलं. रागवावं म्हणते, पण जिनं तो चौकोन कोरा सोडला, मनचा आकडा भरला नाही, तिच्यावर रागावता येईना. यांना अजून काही बोलले नाही. मोजणारी कोण, आणि तुला तेव्हा काय सांगायचं होतं, ते उलट टपाली कळव. या वेळी ऐकते.

तुझीच,
अक्का