आईंचं घर विकण्याआधी

अभिराम,

आईंना घेऊन दवाखान्यात जातेय, त्यांचं बीपी वाढलंय. आमटी गरम करून घे.

जासईच्या फ्लॅटच्या बुकिंगचा चेक आज देऊ नकोस. भाव पडले तर थांबू, ताबा लांबला तर पोटाला चिमटा काढू. आपण दोघं कमावतो. पण त्यासाठी शिरवण्याचं आईंचं राहतं घर विकायचं म्हणतोस. पैसे बुडाले तर ते घर परत मिळणार नाही.

काल तू विचारलंस तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "वीक बाबा, माझं काय!" तू खूश होऊन ऑफिसला गेलास. नंतर त्या फोनवर जुन्या शेजारणीला विचारत होत्या, "तुमच्या चाळीत एखादी खोली भाड्याने मिळेल का गं?"

माझ्यात आता भांडायचं त्राण नाही. संध्याकाळी तूच त्यांच्याजवळ बस.

ऋता