७३९३९१३३ नावाचे घर

मी, शिवकांता मन्मथ बिराजदार, वय ७४, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार चाकूर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी सतराचा पाढा विचारला, मी उलटा म्हटला. शेवटी त्यांनीच थांबवले.

१. माझ्या पगारातून बांधलेल्या घराला मी ७३९३९१३३ असे नाव दिले. ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला भाग जात नाही. घराला याहून चांगला आशीर्वाद मला सुचला नाही.

२. रंगारी रविकिरण याने, "बाई, मोबाईल नंबरात दोन आकडे कमी पडून राहिले," म्हणत पुढे दोन शून्ये रंगवली. शून्य लागले की दोनाने भाग जातो, पाचानेही जातो. त्याच दिवाळीत माझ्या मुलांनी वाटणी मागितली. रविकिरणला माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये.

३. रीतीप्रमाणे थोरल्या अंगदने खडूने रेघ ओढली, धाकट्या संगमेशने बाजू निवडली. रेघ माझ्या खाटेखालून गेली. डोके अंगदकडे आले, पाय संगमेशकडे. गुडघ्याचे औषध कोणी आणायचे यावर दोघांचे अजून एकमत नाही. मला हसू येते, आणि रात्री रडूही येते. आता रेघेवर भिंत घालायला विटा येऊन पडल्या आहेत.

४. माझ्या सुना उज्वला आणि दीपाली यांनी चुली दोन मांडल्या. पण भाकरी एकीने थापायच्या, कालवण दुसरीने करायचे, हे नवऱ्यांच्या नकळत चालूच आहे. म्हणून संपूर्ण घर मी या दोघींना सामाईक देते. दोघींच्या सहीशिवाय भिंत घालता येणार नाही, घर विकता येणार नाही. मुलांनी तिथे राहावे, बायका राहू देतील तोवर. अंगद म्हणाला, "आई, घर लेकाच्या नावानं करतेत, सुनांच्या न्हाई." मी म्हटले, "लेकांना भागाकार लई आवडतो, म्हणून."

५. आणलेल्या विटांची न्हाणी बांधावी. ती कधीची राहून गेली आहे.

६. या आकड्याचा एक गुण मी वर्गात कधी सांगितला नाही. त्याचा शेवटचा अंक काढून टाका, उरते ७३९३९१३. तिलाही भाग जात नाही. पुन्हा शेवटचा काढा, तरी जात नाही. असे करत एकटा सात उरेपर्यंत. या घरातून आता गळायची पाळी माझी आहे. मी गेल्यावरही तुम्हाला भाग जाऊ नये, एवढेच मागते.

ठिकाण: चाकूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
(सही) शिवकांता मन्मथ बिराजदार

बाईंनी आमच्यासमोर वाचून सही केली:
१. व्यंकटी शिवराज पाटील, भाऊ, राहणार उमरी, जिल्हा नांदेड (सही)
२. नागाबाई काशिनाथ स्वामी, निवृत्त मुख्याध्यापिका, औसा (सही)