रुमालाखालची बोटं

उदगीर

प्रिय सुकन्या,

अक्षर ओळखलंस का? बैलबाजारातल्या दलालाचं आहे, त्यामुळे पावतीवरच शोभतं. मृत्युंजय म्हणत होता, अप्पा तुम्ही सांगा, मी मोबाईलवर लिहून धाडतो. मी म्हटलं, राहू दे. दोन वर्षं झाली, तुझं माझ्यापर्यंत आणि माझं तुझ्यापर्यंत तुझा हा भाऊच पोचवतोय. आज त्याला सुट्टी.

हंडरगुळीच्या बाजारात आता बैल कमी आणि बघे जास्त. तरी मी जातो. परवा देवणीची एक देखणी जोडी विकून दिली. भाव चारचौघांना कळू नये म्हणून हातांवर रुमाल टाकला, त्याच्याखाली आधी विकणाऱ्याची बोटं धरली, मग घेणाऱ्याची. लहानपणी तू त्या रुमालाखाली डोकं घालायचीस आणि बोटांवरचा भाव साऱ्या बाजाराला ओरडून सांगायचीस. माझे दोन चांगले सौदे तुझ्यामुळे मोडले, अजून विसरलो नाही.

तिकडे इस्रायलात, हैफाला तू ज्यांची देखभाल करतेस त्या शोशनाबाईंची खबर मृत्युंजय देतो. अठ्ठ्याऐंशी वर्षांची ज्यू म्हातारी आणि तिला इंजेक्शन द्यायला येणारी राणिया, पॅलेस्टिनी नर्स. टीव्ही लागला की दोघी भांडतात, आणि तू तो बंद केलास की बाई राणियाच्या आईचे गुडघे कसे आहेत ते विचारतात. हे ऐकून मी पोटभर हसलो. इथल्या टीव्हीवरही तिकडचं युद्ध थांबवायचा करार दाखवला. बाहेरच्या देशांची मोठमोठी माणसं हात मिळवत होती, आणि ज्यांचं घर पडलं, ज्यांचं माणूस गेलं, ते कुठे दिसेनात. चाळीस वर्षं दलाली केली म्हणून सांगतो, एकाच्या दावणीला चारा टाकणाऱ्याने मधे बसून रुमाल टाकला तर दुसरा बोट देत नाही. पण मधला माणूस नकोच, असंही म्हणवत नाही. रुसलेल्या दोघांना एका झाडाखाली कुणीतरी आणावंच लागतं. आणल्यावर त्याने आपला हात काढून घ्यावा, एवढंच. युद्ध थांबलं म्हणतात आणि तरी माणसं मरतायत. टिकेल का, मला सांगता येत नाही. राणिया शोशनाबाईंकडे येत राहील तोवर मी आशा सोडणार नाही.

दोन वर्षांपूर्वी तुला फोनवर बोललो ते आठवतंय. तिकडे हल्ल्याचा भोंगा वाजत होता, मला इथे ऐकू येत होता. उद्याच्या उद्या निघ म्हटलं. तू म्हणालीस, अप्पा, या बाईला एकटीने तळघरात उतरता येत नाही, मी कशी निघू? मी म्हटलं, मग या घरी पाय ठेवू नकोस. सुकन्या, तो राग नव्हता. मी भ्यालो होतो. भीतीने तोंड सुटलं आणि मग माघार घ्यायची लाज वाटली.

नंतर मृत्युंजय मला सांगायचा, ती मजेत हाय, यायचं न्हाई म्हणती. तुला काय सांगायचा ते आता कळलं, अप्पा अजून रागात हायत. सोमवारी तो मोबाईल घरी विसरला आणि शिल्पाने, तुझ्या वहिनीने, तुझा आवाज माझ्या कानाला लावला. चार महिन्यांपूर्वी तू त्याला धाडलेला. "दादा, अप्पांना विचार ना, मी सुट्टीवर आले तर दार उघडतील का?" मी तिथेच ओसरीवर बसलो. मृत्युंजयला विचारलं तर डोळे पुसत म्हणाला, "तुम्ही पुन्हा न्हाई म्हणाल अन् तिचं मन मोडंल, म्हणून लई भ्यालो." त्याच्यावर रागावू नकोस, भित्रेपणा माझाच घेतलाय त्याने. साऱ्या तालुक्याचे सौदे मी जुळवले आणि पोरीचं बोट स्वतः धरायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र. दार उघडं आहे, बाई. ये. शोशनाबाईंकडे परत जायचं असेल तर जा, स्टँडवर सोडायला मी येईन. हे रुमालाखालून सांगत नाही. तुला हवं तर साऱ्या बाजारात ओरडून सांग.

वाट बघणारा, तुझाच
अप्पा