मशीन गरम करून घेतलं

२ फेब्रुवारी
संचालकांनी आम्हा सर्जन मंडळींना दुसऱ्या मजल्यावर बोलावलं. जुन्या फायलींची खोली रिकामी करून तिथे सिम्युलेटर बसवलाय. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, दोन्ही हातांत एकेक दांडा धरायचा, की समोर खोटं पोट दिसतं. त्यातून दुर्बिणीने पित्ताशय काढायचं. मशीन मार्क देतं. महिनाअखेरपर्यंत ऐंशी मिळाले नाहीत तर दुर्बिणीची ऑपरेशनं बंद, असा आदेश.
मला एकतीस वर्षं झाली या कामात. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण धाकट्यांना बघायला मिळेल, म्हणून उद्या उरकून टाकतो.
संकल्प: नव्वदच्या वर गेलो तरी फुशारकी मारायची नाही.

३ फेब्रुवारी
एकतीस. मशीन बिघडलेलं आहे.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी
बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. म्हणाली, म्हणजे वर्षाला एक. मग पोट धरून बसली. तिच्या पित्ताशयात खडे आहेत. १ मार्चला ऑपरेशन ठरवलंय, मीच करणार. घरच्यांवर सर्जनने हात चालवू नये असा नियम आहे म्हणे. नियम करणाऱ्याच्या बायकोला खडे नसणार. तिला म्हटलं, चार छोटी भोकं, दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाला उभी राहशील. ती वह्यांचा गठ्ठा उचलून आत गेली. विश्वास आहे तिचा माझ्यावर.

६ फेब्रुवारी
सत्तावीस. हेडसेटमधून एक बाई गोड आवाजात बोलते. पित्ताशयाची छोटी नळी कापायची असते, शेजारच्या मोठ्या नळीला धक्का लावायचा नसतो. बाई म्हणाली, मोठी नळी कापली गेली आहे. मी म्हटलं, अशक्य. तिने पुन्हा तेच सांगितलं.
हेडसेट काढून बघतो तर दारात चिमणी. चिमणी म्हणजे आमच्याकडची सगळ्यात धाकटी सर्जन. उंची बेताची, आवाज बारीक, म्हणून हे नाव मीच ठेवलं. तिला पहिल्याच फटक्यात ब्याण्णव. कानामागून आली आणि तिखट झाली. व्हिडिओ गेमवर वाढलेली पिढी, दुसरं काय.
त्या खोट्या पोटाची रचनाच विचित्र आहे. नळ्या नको तिथे. दोन वर्षांपूर्वी मी ज्याचं पित्ताशय काढलं, त्या शिंप्याचं पोट अगदी असंच होतं.

९ फेब्रुवारी
ओपीडीत नेमका तोच शिंपी. पोटातून बाहेर काढलेली पित्ताची नळी बदलून घ्यायला आला होता, वर्षभरात तिसऱ्यांदा. त्याला पुन्हा समजावलं, की तुझी रचना जन्मतःच अवघड, त्याला कोण काय करणार. त्याने मान डोलावली. जाताना खिशातून सुई-दोरा काढून म्हणाला, डॉक्टरसाहेब, जरा ओवून देता का, मला हल्ली नीट दिसत नाही. पाच वेळा प्रयत्न केला. दोरा हलक्या प्रतीचा. मग त्याने सुई परत घेतली, चष्मा न लावता एकदाच ओवली आणि गेला.
दिसत होतं तर मला कशाला विचारायचं? लोक उगीच वेळ खातात.

१३ फेब्रुवारी
दोन दिवस चहा सोडला. हात एकदम स्थिर. एकोणतीस.
खुर्ची ठेंगणी आहे, एसी थेट मनगटावर येतो, हेडसेट चष्म्यावर बसत नाही. संचालकांना तीन पानी पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीचं: खुर्ची बदलली आहे.

१४ फेब्रुवारी
नवी खुर्ची. सव्वीस. चहा पुन्हा सुरू केला.
बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. एवढी वर्षं पेपर तपासतेय, नापास मुलगा पहिल्यांदा पेपर कोणी काढला ते विचारतो. तिला म्हटलं, तुझं पोट कोण बघणार आहे ते विसरू नकोस. म्हणाली, तेच तर विसरता येत नाही.

१८ फेब्रुवारी
मशीनचं दुखणं सापडलं. सकाळी ते थंड असतं. कोणी आधी चालवून ठेवलं की ताळ्यावर येतं. चिमणीला म्हटलं, माझ्या लॉगिनवरून एकदा चालव, जरा गरम करून दे. ती म्हणाली, सर, मार्क नोंदले जातील. म्हटलं, मी बघतो ते. अकरा मिनिटांत पोट मोकळं करून ती राउंडला निघून गेली.
चौऱ्याण्णव. माझ्या नावावर.
पुसून टाकणारच होतो. पण पुसायचं बटण कुठे असतं हे कोणाला विचारणार? शिवाय लॉगिन माझं, अनुभव माझा, वेळही मीच ठरवली. तिने फक्त हात वापरले.

१९ फेब्रुवारी
नोटीस बोर्डावर यादी लागली. मी पहिला. चिमणी यादीपुढे बराच वेळ उभी होती. माझ्याकडे बघून नुसती हसली आणि जिना चढून गेली. वर संचालकांची केबिन आहे, काहीतरी रजेबिजेचं काम असेल. शहाणी मुलगी आहे.
बायकोला फोन केला. ती म्हणाली, खरंच? आणि मग पुन्हा, खरंच?

२२ फेब्रुवारी
संचालकांनी बोलावलं. केबिनमध्ये आणखी चौघे खुर्च्या टाकून बसलेले. म्हणाले, अभिनंदन, पण हे मशीन दोन्ही हातांची वेगळी नोंद ठेवतं. पहिल्या चार वेळा तुम्ही उजव्या हाताने कापलंत, पाचव्यांदा डाव्या. कसं काय?
चिमणी डावखुरी आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तीन वर्षं ऑपरेशनला माझ्यासमोर उभी असते, पण तिच्या हातांकडे मी कशाला बघू?
म्हटलं, मी सव्यसाची आहे. संचालक म्हणाले, वा! मग २८ला आमच्यासमोर डाव्या हाताने करून दाखवा. आणि आत्ता या कागदावर सही करा, डाव्याच हाताने. केली. चौघांपैकी एकाला ठसका लागला.
संकल्प: सहा दिवस सगळं डाव्या हाताने.

२३ फेब्रुवारी
दात घासताना हिरडी फाटली. चहा शर्टवर. दुसऱ्या शर्टाची बटणं बायकोने लावली. विचारलं, उजव्या हाताला काय झालं? म्हटलं, विश्रांती देतोय, तुझ्या ऑपरेशनसाठी. ती हातातलं बटण धरून नुसती बघत राहिली. भारावली असणार.

२५ फेब्रुवारी
दाढी करताना हनुवटी कापली. प्रगती आहे. काल दोन ठिकाणी कापली होती.
बायको पडदे शिवायला टाकून आली. तोच शिंपी निघाला. म्हणाली, तुमच्याबद्दल एक अक्षर वाईट बोलला नाही तो. पोटाच्या नळीची पिशवी टेबलाच्या खिळ्याला अडकवतो आणि शिवत बसतो. म्हटलं, बघ, कामाला लागला की नाही! ती जेवण अर्धं टाकून उठली. खड्यांमुळे भूक मंदावते.

२७ फेब्रुवारी, दुपारी १
बायकोला शाळेतच कळ आली. ताप, पित्ताशय सुजलेलं, आजच काढायला हवं. हे मला वॉर्डबॉयकडून कळलं. तिने शाळेतून फोन केला तो चिमणीला.
टोपी, मास्क चढवून धावत थिएटरपाशी गेलो. संचालक दारात उभे. म्हणाले, तुमचे मार्क रद्द झालेत. चिमणीने १९ तारखेलाच सगळं सांगितलं होतं. मग २२ला ती सही कशाला घेतलीत, असं मी विचारलं. म्हणाले, वाटलं होतं, निदान सही करताना तरी तुम्ही खरं सांगाल.
बायको स्ट्रेचरवर. तिच्याजवळ वाकून म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे ना.
ती म्हणाली, म्हणूनच तर.

२७ फेब्रुवारी, दुपारी ३
ऑपरेशन झालं. मोठ्या नळीला धक्का नाही. बायको झोपली आहे.
आत नेण्याआधी नर्सने संमतीपत्र पुढे केलं होतं. सर्जनच्या रकान्यात चिमणीची सही, डाव्या हाताची, अगदी रेघेवर. माझ्यासाठी खाली नातेवाईकाचा रकाना. उजव्या हाताने केली. नर्स म्हणाली, सर, बाहेर गेली, पुन्हा करा. दुसरा कागद. पुन्हा बाहेर. तिसऱ्या कागदाला तिने माझं मनगट धरलं, आणि सही रकान्यात बसली.
पेन खराब होतं. इस्पितळात साधी पेनं कोणी तपासत नाही. संचालकांना पत्र लिहायला हवं. कोणाकडून तरी लिहून घेईन.