न मागितलेली शिरालगा

प्रिय तोलोन,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, लगेच शेफारून जाऊ नकोस. तुझे फोन आलेले मला दिसले. मी ते उचलले नाहीत, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस, शपथा घेतोस आणि मग रडतोस, आणि तुझं रडणं मला लहानपणापासून खरं वाटत आलंय. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा बस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी खुशाली. बर्फ ओढ्यापर्यंत मागे हटलंय. मेंढ्या व्यायल्या, कोकरं धडधाकट आहेत. राखाडी घोडीला शिंगरू झालं, आईसारखंच चावरं आहे. म्हातारे मोल्दोकुल आके अजून जिल्ह्याच्या गावी कोठडीत आहेत, आणि तिथल्या गारठ्याने त्यांचा खोकला छातीत उतरलाय. त्यांची म्हातारी भाकरी आणि गरम दुधाचा थर्मास घेऊन मिळेल त्या गाडीने जाते, दारावरचा शिपाई कधी आत घेतो, कधी नाही. सुनावणीनंतर त्यांना मोठ्या तुरुंगात पाठवतील म्हणतात. तिथून हा माणूस जिवंत परत येणार नाही, हे तुला कळतं आणि मलाही कळतं. ज्या बापाच्या मांडीवर तू वाढलास त्याचा शिकारीतला सोबती होता तो. तू घोड्यावरून पडून हात मोडून घेतलास, तेव्हा तुला पाठीवर घेऊन घाट उतरला होता तो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे, आणि चोर पुलाजवळच्या नव्या पत्र्याच्या घरात चहात साखर ढवळतोय.

मी सांगते मला कसं कळलं, म्हणजे कुणी चुगली केली म्हणून तू गावभर भांडत फिरायला नको. माझी काळी शेळी हरवली म्हणून मी लाल कड्याखालच्या खाऱ्या मातीकडे गेले होते. वसंतात रानशेळ्या तिथे माती चाटायला उतरतात. त्या वाटेवर, दोन दगडांमधून एकच जनावर जाईल अशा जागी, पोलादी तारेचे फास लावलेले होते. बंद पडलेल्या खाणीच्या पाळण्याची तार उसवून केलेले. आणि खारी माती पुरेशी नव्हती की काय, पलीकडे दुकानातल्या मिठाच्या ढेपा ठेवल्या होत्या. माझी शेळी पहिल्याच फासात मेलेली होती. तिच्यापुढे एक तेके, चांगला मोठा रानबोकड, शिंगांसकट कुजत पडला होता, त्याच्याकडे कुणी फिरकलंही नव्हतं. त्याच्यापलीकडे एक रानशेळी होती, तिचं पोट गिधाडांनी फोडलेलं आणि आतलं पिल्लू बाहेर. मी म्हातारी बाई, आयुष्यभर जनावरं कापत आलेय, पण ते पिल्लू मी आधी दगडांनी झाकलं.

मग मी गाठ बघितली. कोकरं ओळीने बांधायच्या दोरीला आपल्या घरात घालतात तीच गाठ होती, आणि डाव्या हाताने घातलेली. ती तुला मीच शिकवली, आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा. दोरीचं शेपूट दोनदा आत वळवायचं, म्हणजे कोकराने कितीही हिसका दिला तरी गळा आवळत नाही, हेही मीच शिकवलं. तू दुसरं वळण सोडून दिलंस. बाकी गाठ जशीच्या तशी. अक्कल वापरलीस ती नेमकी एवढ्यापुरतीच.

आता तू म्हणशील की एजे, तू थोरली बहीण, तूच सांग, बाबा काय साधू होते का? नव्हते. बाबा चोरून शिकार करायचे हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या काळी डोंगर सरकारचा, तेके सरकारचे, आणि आम्ही उपाशी. रानाचा राखणदार घरी आला तेव्हा मला घाईघाईने शिंगांवर बसवून वर रजया टाकल्या होत्या. तो बसला की उठेना. शेवटी म्हणाला, "पाहुणा आला तरी पोरगी उठत कशी नाही?" आई म्हणाली, "तिला गळू झालंय." "कुठे?" "आता पोरीच्या जातीचं ते कुठे म्हणून सांगू तुम्हाला!" बिचारा लाजून चहा अर्धा टाकून निघून गेला. शिंगं टोचून टोचून मला खरंच गळू झालं, ते वेगळं. बाबा त्या रात्री डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

पण तो माणूस वाऱ्याकडे तोंड करून दगडाआड पालथा पडायचा, मिशीवर बर्फ साचेपर्यंत. एक गोळी, एक जनावर. गोळी लागून जनावर पळालं तर अंधार पडेपर्यंत त्याच्या मागे जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा, आणि सापडलं नाही तर त्या हिवाळ्यात पुन्हा बंदूक उचलायचा नाही, मग आम्ही घरात नुसती पेज प्यायलो तरी. तित्तिरांसाठी फास लावायचा तो घोड्याच्या शेपटीच्या केसांचा, आणि लावल्यावर तिथून हलायचा नाही. पोटुशी दिसली की बंदूक खाली. खाऱ्या मातीवर तर शिकार नाहीच. "तिथे ती जेवायला आलेली असतात," बाबा म्हणायचे, "जेवणाऱ्याला मारतो तो शिकारी नाही, तो खाटीकसुद्धा नाही." तू काय केलंस? मीठ मांडून पाहुण्यांना बोलावलंस आणि दाराला फास लावून घरी येऊन झोपलास. आठवड्याने जायचं, जे ताजं असेल ते उचलायचं, जे कुजलं असेल ते टाकून यायचं. मांस हमरस्त्यावर खिम्याचे सामसे भाजून विकणाऱ्याला, मेंढीचं म्हणून. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तशी ट्रकवाल्यांची तक्रार मी स्वतः ऐकलीय. बाबांना चोर म्हण, मी रागावणार नाही. तुला चोर म्हणणं हा चोरांचा अपमान आहे.

आणि मी कायद्याच्या प्रेमात पडलेय असंही समजू नकोस. शहरातले साहेब परवान्याचा कागद दाखवून सगळ्यांत मोठ्या शिंगांचा तेके मारतात, धड कड्यावर फेकतात, डोकं घेऊन जातात, आणि आपला इरिसबेक राखणदार त्यांच्या गाडीचं दार उघडतो. माझ्या लेखी तेही तुझ्याच जातीचे. फक्त त्यांचे बूट बरे आहेत.

मोल्दोकुल आके वर का गेले ते मला कुणी सांगितलं नाही, पण त्यांना ओळखणाऱ्याला सांगावं लागत नाही. तारा कापायलाच गेले असणार. पुढचं इरिसबेककडून कळलं. एक रानशेळी अजून जिवंत होती, मागचा पाय हाडापर्यंत कापलेला. त्यांनी देवाचं नाव घेऊन तिला सोडवलं, म्हणजे सुरीने सोडवलं, दुसरा उपाय नव्हता. नेमका तेव्हा इरिसबेक वर पोचला. हातात सुरी, समोर जनावर, बाजूला तारा. "आके, हे तुमचं?" त्याने विचारलं. म्हाताऱ्याने गाठीकडे पाहिलं. डोळे अधू असले तरी गाठ ओळखायला त्यांना डोळे लागत नाहीत. म्हणाले, "तार माझीच. लिही." मेलेल्या मित्राच्या पोरासाठी म्हणाले ते, तोलोन. एवढं त्यांनी केलं, आणि तू काय केलंस?

मला वाटलं होतं, तू पंचांच्या बैठकीत उठशील. तू उठलासही. मी बायकांच्या बाजूला बसून ऐकत होते. टोपी सरळ केलीस, घसा साफ केलास आणि म्हणालास, "म्हातारपणी माणसाची नियत फिरते हो. त्यात हाताशी काही नाही. मी म्हणतो, मंडळी, मोठ्या मनाने माफ करा त्यांना." माफ करा! लोकांनी मान डोलावली, कुणीतरी तुझ्या पाठीवर हातही फिरवला. करून सवरून नामानिराळा राहणारे मी पुष्कळ पाहिले, पण वर दुसऱ्यासाठी माफी मागणारा पहिलाच. लाज तू कोळून प्यायला आहेस हे मला ठाऊक होतं, पण ती चवीने प्यायलास हे त्या दिवशी कळलं. त्या दिवसापासून मी तुझा उंबरा ओलांडलेला नाही.

आणि त्यावर कळस म्हणजे कानिमगुलला माझ्याकडे पाठवलंस. बिचारी तुझी बायको, पदराआड फडक्यात गुंडाळलेली मांडी घेऊन दारात उभी. "एजे, यांनी शिरालगा पाठवलीय," म्हणाली, "आणि म्हणाले, एजेला म्हणावं, ज्याने खाल्लं त्याने बोलू नये." तिला बहुतेक अर्थ कळला नव्हता, ती आपली निरोप पोचवत होती. तुला माझा संशय आला होता तर. शेळी शोधायला मी कुठल्या बाजूला गेले ते तू कुणाला तरी विचारलं असणार.

अरे मूर्खा, शिरालगा कधी घरी पाठवतात का? शिकारी डोंगर उतरून येतो, वाटेत जो भेटेल तो 'शिरालगा' म्हणतो, आणि शिकाऱ्याला खोगिरावरून खाली उतरून वाटा कापून द्यावा लागतो. भेटलेला वैरी असला तरी, घरी पोरं उपाशी असली तरी. बाबा कधी कधी नुसतं कातडं घेऊन घरी यायचे आणि आई त्यांना काही बोलायची नाही. कारण वाटेवर सगळ्यांदेखत ज्याला मांस दाखवता येतं तोच शिकारी. मी मागितली होती का? तू वाटेवर भेटला होतास का? पदराआडून आलेल्या मांसाला शिरालगा म्हणत नाहीत, त्याला तोंडात कोंबलेला बोळा म्हणतात. आपल्या माणसांत जन्म घेऊन एवढंही तुला कळू नये याचंच मला जास्त वाईट वाटलं, म्हाताऱ्याच्या तुरुंगाचं नंतर.

फडकं सोडून पाहिलं, तर खुरासकट मांडी होती, रानशेळीची, गडद, चरबी नावाला नाही. खुराच्या वर तारेचा वण, खोल. आणि मांस ताजं, तोलोन. लाल, ओलं. आदल्या दिवशीचं. मोल्दोकुल आके कोठडीत जाऊन आठवडा उलटून गेला होता. म्हणजे म्हातारा आत बसलेला असताना तू पुन्हा वर जाऊन तारा लावल्यास, पुन्हा एक रानशेळी मारलीस, या दिवसांत पोटुशीच असणार, आणि माझं तोंड बंद करायला तिचीच मांडी पाठवलीस. दिवे लावलेस, बाबा! एक म्हातारा निर्दोष आहे हे सांगायला माझ्याकडे डाव्या हाताच्या एका गाठीशिवाय काही नव्हतं, आणि पंच गाठीवर हसले असते. पुरावा तू स्वतः, बायकोच्या हातून, माझ्या दारात आणून दिलास.

मी ती शिजवली नाही. दारासमोरच्या खांबाला टांगली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. इरिसबेक थांबला, वण बघितला, हात लावून बघितला आणि घोडा बांधून आत आला. हे लिहितेय तेव्हा तो माझ्याच घरात बसून तिसरा पेला चहा पितोय. म्हणाला, "एजे, सख्खा भाऊ आहे तुमचा. उद्या पस्तावाल." मी म्हटलं, "पस्तावायचं ते पस्तावून झालं, तू आपला तळलेला बोरसोक घे." मग मी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि तो नाही म्हणाला नाही. हे पत्र तुला त्यानेच आणून दिलंय. तू वाचून संपवेपर्यंत तो अंगणात उभा राहील, दार ठोठावणार नाही, काही विचारणार नाही. मी हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं की तुला कुणी घरातून ओढत काढू नये. दार तू उघड, बाहेर तू जा, आणि त्याने तोंड उघडायच्या आत 'तार माझी' म्हण. म्हाताऱ्याने तुझ्यासाठी जे म्हटलं तेच, फक्त तुझ्या तोंडून ते खरं असेल. अंगावर मेंढीच्या कातड्याचा कोट घाल, कोठडीत गारठा आहे. आणि मागच्या भिंतीवरून ओढ्यात उडी मारायचा विचार मनात आला असेल तर खुशाल मार. भिंतीपलीकडे मी उभी आहे.

काही केलं तरी तुझीच,
सोनुनबू एजे