पंखा बदलल्याशिवाय

७ नोव्हेंबर

प्रिय दादा,
नमस्कार.

"पंखा बदलल्याशिवाय रेघ ओढायची नाही, चिमणे." हे तू इतक्यांदा म्हणायचास की बाबा वैतागायचे, "अरे, पाटीच लाव ना भिंतीवर!" आज सकाळपासून तेच वाक्य डोक्यात घोळतंय, म्हणून बावीस वर्षांनी लिहायला बसले. तू बरा असशील. मी ठीक. बाबांचे गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे.

बातमी अशी की दुकान बंद करतोय. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून घ्यायला आता कोण येतं? आठवडाभर मी खोकी भरतेय. तुझं टेबल तसंच आहे. तिथे बसून तू प्रोसेसरवरच्या, कंपनीने मुद्दाम तोडून ठेवलेल्या केसाएवढ्या जोडण्या पेन्सिलीच्या शिशाने सांधायचास. टोक सुईसारखं करून, एका जोडणीला एकच रेघ. मग स्वस्तातला प्रोसेसर महागाच्या वेगाने पळायचा. तापायचाही तसाच, म्हणून आधी मोठा पंखा.

मंगळवारी बाबांच्या खणात चष्म्याच्या फडक्यात गुंडाळलेला एक प्रोसेसर सापडला. मधोमध जळून काळा पडलेला. त्या छापखानेवाल्या गिऱ्हाइकाचा, ज्याच्यावरून तू गेलास. शेजारी भिंग.

जळकी वस्तू कुणी इतकी वर्षं जपतं का? मला तिथेच शंका आली.

"बाबा, हे टाकू?"

"नको."

"कशाला हवंय?"

"तूच बघ की. तुझी नजर चांगली आहे." आणि त्यांनी पेपरात डोकं घातलं. अर्धा तास पान काही उलटलं नाही.

मी आतल्या खोलीत जाऊन भिंग लावलं. रेघा जाड, तिरप्या, एकीवर एक घासलेल्या. चित्रात सावली भरतात तशा. अशी रेघ तू जन्मात ओढली नसतीस. आपल्या घरात चित्रं कोण काढायचं, हे तुला काय सांगायचं?

सांगतेच. त्या दिवशी तू सुटे भाग आणायला गेला होतास आणि छापखानेवाला कॉम्प्युटरचा वेग वाढवून द्या म्हणून घाई करत होता. आदल्या दिवशी तू सगळ्यांदेखत म्हणाला होतास, "तू आपली पाट्या रंगव." ते मला लागलं होतं. चित्रकलेची मऊ पेन्सिल घेतली, रेघा ओढल्या, वेग वाढवून दाखवला. मशीन काय सुरेख पळालं! पंखा मात्र जुनाच राहू दिला. चार दिवसांनी तो जळलेलं मशीन घेऊन आला, आणि बाबांनी गिऱ्हाइकांसमोर तुला "चालता हो" म्हटलं. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी खोक्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत राहिले.

तुला तेव्हाच कळलं होतं ना? मग बोलला का नाहीस? मला वाचवलंस, की तुला निघून जायला निमित्तच हवं होतं? आणि बाबांनी ते भिंग कधी लावलं, तू जायच्या आधी की नंतर? जेवताना त्यांच्याकडे बघते आणि हेच मनात येतं. माझी चित्रं दुकानात त्यांनीच टांगली होती. माझा हात ते ओळखणार नाहीत? गेल्या महिन्यात विचारत होते, "थोरल्याचा पत्ता आहे का गं तुझ्याकडे?" मी नाही म्हटलं. "असं होय," म्हणाले, आणि हसले.

पत्ता माझ्याकडे नऊ वर्षं आहे. तू परत आलास तर बोलशील, ही भीती होती.

रविवारी शटर शेवटचं ओढायचंय. त्याआधी मी बाबांना सांगणार आहे. त्यांना ठाऊक असो नसो, मला माझ्या तोंडाने म्हणायचंय, की तो दादा नव्हता, मी होते. त्या वेळी तू समोर हवास. काही बोलू नकोस. माफही करू नकोस. नुसता तुझ्या खुर्चीवर बस.

तू येणार नाहीस. तुझ्या जागी मी असते तर हे पत्र अर्ध्यावरच फाडलं असतं. तरी रविवारी सकाळी दहा वाजता शटर मी अर्धंच वर ठेवेन. तू वाकून आत यायचास तेवढं.

ये.

तुझी, ती रेघ ओढणारी,
चिमणी